लिफ्ट दिसते तोवर

मालिनीबाईंचे प्रश्न दोनच होते. पुण्याहून म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला येऊन त्यांना सदतीस दिवस झाले, आणि एवढ्या दिवसांत सुनेला त्यांनी तिसरं काही विचारलं असेल तर साखर कुठल्या डब्यात आहे, इतकंच. पहिला प्रश्न, उत्कर्षनं माझी शपथ मोडली का? दुसरा, ते यंत्र त्याच्या अंगावर होतं ना? सकाळच्या चहाला पहिला, संध्याकाळच्या पोळीला दुसरा. कधी उलट.

ज्ञानदा दर वेळी काहीतरी पुटपुटायची. नवरा जाऊन दीड महिना झालेला. मृत्यूची नोंद करणाऱ्या स्टांडेसआम्टपासून आरोग्य विम्याच्या क्रांकेनकासेपर्यंत सगळ्यांचे कागद टेबलावर साचलेले. नऊ वर्षांची अन्वी शाळेतून आली की सरळ खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. स्वतःला रडायला म्हणून जागा एकच, बाथरूम, तीही शॉवर सोडून. त्यात हे दोन प्रश्न. पण सासूवर चिडणार तरी कसं? सासरे जाऊन आठ वर्षं झालेली, आणि आता एकुलता एक मुलगा गेला. एक्केचाळीस वर्षांचा, धडधाकट. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी डबा घेऊन मित्राबरोबर स्कीइंगला म्हणून निघाला, आणि म्युनिकपासून दोन तासांवरच्या एका डोंगरावर बर्फाखाली सापडला. सापडला तेव्हा उशीर झाला होता.

आता हे स्कीइंग काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. स्कीइंग दोन तऱ्हेचं. एकात लिफ्टनं वर जायचं आणि आखलेल्या उतारावरून खाली यायचं. त्या उताराला म्हणतात पिस्ट. तिथला बर्फ रोज यंत्रानं सारखा करतात, कडेला खांब रोवलेले असतात, वरून काही कोसळणार नाही ना हे बघायला माणसं नेमलेली असतात. दुसरी तऱ्हा म्हणजे बॅककंट्री. खांब नाहीत, यंत्र नाही, राखणदार नाही. कोऱ्या बर्फात आपलं आपण जायचं आणि आपलं आपण परत यायचं. तिथं जाणारा प्रत्येक जण छातीला एक छोटं यंत्र बांधतो. सगळे त्याला बीपर म्हणतात. माणूस हिमाखाली गाडला गेला तर त्या यंत्राच्या खुणेवरून सोबत्याला जागा कळते आणि तो फावड्यानं उकरून काढतो. पहिल्या पंधरा मिनिटांत काढलं तर माणूस बहुतेक वाचतो.

उत्कर्षनं हे सगळं रीतसर शिकून घेतलं होतं. दोन दिवसांचा कोर्स केला, बीपर घेतला, आणि डिसेंबरात व्हिडिओ कॉलवर आईला कौतुकानं दाखवला. "हे बघ आई, हे असलं की काळजी नाही." झालं. तोवर मालिनीबाईंना वाटत होतं पोरगं आपलं घसरगुंडी खेळतं. काळजी नाही म्हटल्याबरोबर काळजी सुरू झाली. त्यांनी पुण्यात बसून हिमलोटाचे व्हिडिओ पाहिले, चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, आणि संक्रांतीच्या दिवशी मुलाला फोनसमोर बसवून म्हणाल्या, "माझी शपथ घे. ते बॅककंट्री का काय ते करणार नाहीस."

तिळगूळ तोंडात होता. अन्वी मांडीवर होती. उत्कर्ष आधी हसला, मग आईचा चेहरा बघून गप्प झाला. "बरं. तुझी शपथ, आई. बॅककंट्री स्कीइंग करणार नाही." ज्ञानदा शेजारीच उभी होती. तिला मनातून बरंच वाटलं, तिला जे दोन वर्षांत जमलं नव्हतं ते सासूनं दोन मिनिटांत करून दाखवलं.

पण शपथ कुणाकडून घेतली ते बघा. लहानपणी दर संकष्टीला मालिनीबाईंच्या स्वयंपाकघरात उत्कर्षचा वकिलीचा क्लासच चालायचा. जिरं चालतं, मोहरी का नाही? हिरवी मिरची चालते, मग लाल तिखटानं काय घोडं मारलंय? दहाव्या वर्षी त्यानं वेफर्सच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून दाखवून सिद्ध केलं होतं की हे उपासाला चालतात. मालिनीबाईंनी पाकीट हातात घेतलं, वाचलं, आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. चालतात." शब्दाचा कीस काढायचा, पण मोडायचा नाही, ही त्या घरची शिस्त. जर्मनीत आल्यावरही उत्कर्ष संकष्टीला ऑफिसच्या कँटीनमध्ये पॉमेस, म्हणजे फ्रेंच फ्राइज, खायचा. बटाटा आहे आणि मीठ आहे, चालतं. त्याच भांड्यात आधी मासा तळला होता का हे तो विचारायचा नाही. विचारलं तर कळेल ना.

तर, तो गेला आणि पोलिसांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की अपघात 'फ्रायेस गेलेंडे' इथं झाला. मालिनीबाईंनी विचारलं, म्हणजे काय. ज्ञानदा थकलेली होती, तिच्या तोंडून निघून गेलं, "मोकळं रान, आई."

"रान म्हणजे वाट नव्हे," मालिनीबाई म्हणाल्या. आणि तेव्हापासून ते प्रश्न.

त्यांच्या डोक्यात एक हिशेब बसत नव्हता. शपथ ज्याची घेतली त्याला बाधते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. "माझी शपथ मोडली असती तर जायला मी हवी होते. मी तर इथं टुणटुणीत बसलेय. म्हणजे त्यानं मोडली नाही. मग गेला कसा?" असं म्हणायच्या आणि समोरच्या ताटातला घास तसाच राहायचा. पाच-सहा किलो वजन उतरलं असेल. बांगड्या कोपरापर्यंत मागे जायला लागल्या. मुलगा खोटारडा होता की नव्हता, एवढं एक कळल्याशिवाय या बाईला धड रडताही येईना, हे ज्ञानदाला दिसत होतं. सासू अशीच झिजत जाईल आणि आपल्याला दुसरं मरण बघावं लागेल, ही भीती तिच्या मनातून जाईना.

म्हणून तिनं प्रणवला बोलावलं. प्रणव म्हणजे उत्कर्षचा ऑफिसातला मित्र, नाशिकचा, हॅनोव्हरला शिकून इकडं आलेला. त्या दिवशी बरोबर होता तो हाच. अंत्यविधीला आला, कोपऱ्यात उभा राहिला, आणि नंतर त्यानं तोंड दाखवलं नव्हतं. फोनवर मात्र एकदा सांगितलं होतं की उत्कर्ष खांबापलीकडे जेमतेम चाळीस मीटर गेला होता, लिफ्ट तिथून दिसत होती. ज्ञानदानं तेवढंच धरून ठेवलं होतं.

"रविवारी दुपारी ये," ती त्याला म्हणाली. "उत्कर्षच्या स्की तुझ्याच गाडीत आहेत ना, त्याही आण. आणि आईंना एवढंच सांग की त्यानं शब्द पाळला. ते काही बॅककंट्री नव्हतं. खोटं थोडंच आहे ते?"

 "गेनाऊ, बरोबर," प्रणव म्हणाला. "येतो."

रविवारी तो आला तेव्हा मालिनीबाई आधीच कोचावर येऊन बसल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. ज्ञानदा त्याला आधी खाली केलरमध्ये घेऊन गेली. तळघरातली ती जाळीची खोली, अन्वीची जुनी सायकल, मोकळी खोकी. त्यानं स्की भिंतीला टेकवल्या. मग खांद्यावरची पिशवी काढून हातातच धरून उभा राहिला.

"आल्झो... म्हणजे, ज्ञानदा, वर जायच्या आधी तुला हे द्यायचंय."

तिनं पिशवी उघडली. आत बीपर होता. घडीचं फावडं होतं, आणि बर्फात खुपसून बघायची घडीची काठी. सगळं कोरडं, स्वच्छ.

"हे हॉस्पिटलनं तुझ्याकडे दिलं?" तिनं विचारलं.

"नाही. माझ्या गाडीत होतं. डिकीत. त्या दिवसापासून."

ज्ञानदाला क्षणभर कळलंच नाही. इतके दिवस ती धरून चालली होती की यंत्र होतं आणि तरीही उशीर झाला. नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं. पोलिसांच्या पत्राचं दुसरं पान तिनं कधी उलटलंच नव्हतं.

"डिकीत का होतं?"

प्रणव खाली बघत बोलायला लागला. सकाळपासून ते पिस्टवरच होते. दुपारी उत्कर्षला दोन पिस्टांच्या मधली ती घळ दिसली. कोरा बर्फ, खाली पुन्हा तीच पिस्ट. वरची लिफ्ट इतकी जवळ की बसलेल्या माणसांच्या टोप्यांचे रंग दिसत होते. प्रणव म्हणाला, गाडी पार्किंगमध्येच आहे, बीपर घेऊन येऊ, दहा मिनिटांचं काम.

"मग?"

"मग तो म्हणाला, नाही. बीपर बांधला म्हणजे आपण बॅककंट्रीला निघालो असं होतं, आणि मी आईची शपथ घेतलीय. लिफ्ट दिसते तोवर ती बॅककंट्री नाही. बीपर नाही, फावडं नाही, म्हणजे बॅककंट्री नाहीच. चालतं." प्रणवचा आवाज फाटला. "आणि मी हसलो गं. मला वाटलं, काय हुशार माणूस आहे. मीही माझा घेतला नाही."

उत्कर्ष पुढे गेला. प्रणव खांबापाशी थांबून बघत होता. वरचा थर तुटला आणि घळीतून खाली गेला, सगळं मिळून पाच-सहा सेकंद. मग प्रणव हातातल्या स्कीच्या काठीनं खुपसत राहिला, हातांनी उकरत राहिला. लिफ्टवरची माणसं धावून आली. कुत्रा घेऊन बचाववाले आले. एक तास दहा मिनिटांनी उत्कर्ष सापडला, एक मीटर खोल. प्रणव जिथं उकरत होता तिथून सहा पावलांवर.

"बीपर असता तर," प्रणव म्हणाला आणि थांबला.

"बोलू नकोस," ज्ञानदा म्हणाली.

तिला त्याला मारावंसं वाटलं. उत्कर्षला तर त्याहून जास्त. कसली अक्कल ही, कसली शपथ, बीपर न बांधून पाळलेली. आणि त्याच वेळी त्याच्यासाठी आतडं पिळवटून निघालं, कारण हा अगदी तोच होता. दुसरा कुणी असता तर शपथ सरळ मोडून, बीपर बांधून, मजेत जाऊन आला असता. आईला कळलंही नसतं. खोटं बोलायला जमलं नाही म्हणून गेला हा माणूस. ती खोक्यावर बसली आणि दीड महिन्यात पहिल्यांदा शॉवरचा आवाज नसताना रडली. प्रणव भिंतीशी उभा होता, त्यालाही रडू आवरेना, पण जवळ यायची त्याची छाती झाली नाही.

मग तिला वर बसलेल्या सासूची आठवण झाली.

दोन प्रश्न, आणि दोन्हींची उत्तरं एकाच दोऱ्यात ओवलेली. शब्द पाळला म्हणून सांगावं, तर मालिनीबाई लगेच विचारणार, मग यंत्र होतं का. नव्हतं म्हटलं की का नव्हतं. यंत्र होतं म्हणावं, तर वाटेवरच होता तर बांधलं कशाला. दोन्ही बाजूंनी त्या पोचणार होत्या तिथंच. उत्कर्षची अक्कल काही आभाळातून पडली नव्हती, ती याच बाईच्या पोटची होती. पाच मिनिटांत त्या गाठ सोडवतील आणि मग त्यांना कळेल की ती शपथ नसती तर मुलाच्या छातीवर बीपर असता. त्यानंतर ही बाई किती दिवस जगेल? जगली तरी कशी जगेल?

राहता राहिलं एकच उत्तर. ते दिलं की सासू वाचत होती आणि नवरा बुडत होता. तो तर गेलाच आहे, ज्ञानदानं मनाशी म्हटलं. मेलेल्याला काय लागतंय? पण लागत होतं. तिलाच लागत होतं. तिनं डोळे पुसले, पिशवी खोक्यांच्या मागे सरकवली आणि उठली.

"वर तू काही बोलू नकोस," ती प्रणवला म्हणाली. "नुसता बस."

वर अन्वीच्या खोलीचं दार उघडं होतं. पाहुणा आलाय म्हणून ती बाहेर येऊन जेवणाच्या टेबलाशी चित्र काढत बसली होती. ज्ञानदानं तिला आत जा म्हणायला हवं होतं. घाईत ते सुचलं नाही.

मालिनीबाईंनी प्रणवला बस म्हटलं, पाणी विचारलं. जनरीत त्यांनी सोडली नव्हती. मग हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "प्रणव, तू होतास तिथं. मला खरं सांग. माझी शपथ त्यानं मोडली का?"

प्रणवनं ज्ञानदाकडे पाहिलं. "काकू..."

"मोडली, आई," ज्ञानदा म्हणाली. "त्याला विचारू नका, त्याला ते जड जातंय. मला त्यानं आत्ता खाली सगळं सांगितलं. उत्कर्ष ठरवूनच गेला होता. घरून निघतानाच ठरलं होतं त्याचं. बॅककंट्रीच होती ती, सरळसरळ."

"आणि यंत्र?"

"होतं. अंगावर होतं, चालू होतं. प्रणवनं शोधलंही त्यावरून. पण बर्फ फार होता. उशीर झाला."

प्रणवनं मान खाली घातली. पण हे खोटं आहे असं तो म्हणाला नाही. तेवढं पुण्य त्याच्या पदरी घालायला हवं.

 मालिनीबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या तोंडावर खोटं बोलला."

"हो, आई."

"तिळगूळ तोंडात असताना."

"हो."

"लबाड," त्या म्हणाल्या. "लबाड मेला. एवढं शिकवलं, एवढं वाढवलं, आणि आईला फसवून गेला." आणि त्यांचा बांध फुटला. आवाज दाबून रडणं नव्हे, मोठ्यानं, छाती बडवून. मुलाला शिव्या देत होत्या आणि रडत होत्या. ज्ञानदानं त्यांना कुशीत घेतलं. पाठीची हाडं हाताला लागली. "मी सांगितलं होतं गं त्याला," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी सांगितलं होतं." आणि ज्ञानदा प्रत्येक वेळी म्हणत होती, "हो आई, तुम्ही सांगितलं होतं. तुम्ही तुमच्याकडून सगळं केलं होतं." सासूचा श्वास हळूहळू मोकळा होत होता हे तिला कळत होतं. शेवटी त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मला थोडा भात दे. पोटात खड्डा पडलाय."

प्रणव उठला, बूट घातले. दाराशी त्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण ज्ञानदानं मान हलवली आणि तो गेला. तिनं भात गरम केला, वर तूप घातलं, ताट सासूसमोर ठेवलं. मालिनीबाई जेवायला लागल्या.

टेबलाशी अन्वी बसली होती. समोरच्या कागदावर तिनं बराच वेळ काहीच काढलेलं नव्हतं. मराठी तिला सगळं समजायचं, बोलायची मात्र जर्मन.

"पण पापानं शपथ घेतली होती," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मी होते तिथं. मी त्याच्या मांडीवर होते."

"हो," ज्ञानदा म्हणाली.

"म्हणजे तो खोटं बोलला."

मालिनीबाईंचा घास हातात थांबला. त्यांना जर्मन येत नव्हतं, पण पापा हा शब्द आणि नातीचा चेहरा एवढं पुरे होतं. "काय म्हणतेय ती?" त्यांनी विचारलं.

"बाबा खोटं बोलला का, असं विचारतेय."

"तिला खरं तेच सांग," मालिनीबाई म्हणाल्या. "पोरांपासून लपवू नये."

ज्ञानदा लेकीजवळ जाऊन बसली. "हो, बाळा," ती म्हणाली. "त्या वेळी खोटं बोलला."

अन्वीनं पेन्सिल खाली ठेवली. ती रडली नाही. ती विचार करत होती, बापासारखीच, एकेक गोष्ट नीट पुढे ठेवून. "मग मला जे सांगायचा तेही खोटं होतं?"

"नाही. तुझ्याशी नाही. तुझ्याशी तो कधीच खोटं बोलला नाही."

"तुला कसं माहीत?" अन्वीनं विचारलं.

सांगण्यासारखं ज्ञानदाकडे होतं, खाली केलरमध्ये खोक्यांमागच्या पिशवीत. समोर मालिनीबाई भात कालवत होत्या, आणि त्यांचं सगळं लक्ष या दोघींकडे होतं; जर्मनमध्ये सांगितलं तरी काय म्हणालीस ते त्या विचारणारच होत्या. ज्ञानदानं खाली ठेवलेली पेन्सिल उचलून लेकीपुढे सरकवली. अन्वीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग कागद गोळा केले आणि आपल्या खोलीत निघून गेली.